आग्रहास्तव

कलेक्टर ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली
निळ्या ताडपत्रीत माझं गोदरेजचं मशीन.
त्याचा ळ उमटत नाही.
कळमना आलं, काटोल रोडचे काळबांडे आले
की मी एक घर रिकामं सोडते
आणि नंतर बॉलपेननं भरते.
बावीस वर्षांत ळसाठी किती शाई गेली
ते नमुना सव्वीस विचारत नाही.

बाकी सगळं विचारतो.
जंगम, स्थावर, कर्ज, गुन्हे, नवऱ्याचं सोनं.
दर निवडणुकीला उमेदवार येतात अत्तर लावून,
सोबत वकील, वकिलामागे फाइल धरणारं पोरगं,
आणि पत्रकाचा मजकूर सांगतात उभ्याउभ्या:
लिहा मॅडम, जनतेच्या आग्रहास्तव.
मी लिहिते.
एकाला विचारलंही,
कोणत्या गल्लीतल्या जनतेच्या, भाऊ?
तो हसला, दहा रुपये जास्त देऊन गेला.

मला कुणी आग्रह केलेला नाही.
सांगूनच टाकते,
मला मुख्यमंत्री व्हायचंय.
सेवा वगैरे आहेच, ती नंतर बघू.
आधी हे, की व्हायचंय,
जसं चौथीत मॉनिटर व्हायचं होतं
आणि बाईंनी खडू दुसरीच्याच हातात दिला.

डिसेंबरात अधिवेशन येतं,
सिव्हिल लाइन्सच्या झाडांना गेरू-चुना लागतो,
मोर्चे टेकडी रोडला अडतात
आणि त्यांची निवेदनं माझ्याकडे येतात.
अंगणवाडीच्या बाया, विनाअनुदानित मास्तर.
डाव्या कोपऱ्यात
प्रति, मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य.
एवढ्याला आता बोटांना डोळे लागत नाहीत.
तीन प्रती, मध्ये कार्बन.
तिसरी इतकी पुसट
की मागणी उन्हात धरून वाचावी लागते,
ती मोर्चावाल्यांकडे राहते.
पहिली जाते.
कुठे जाते?
सुरुवातीला खरंच एवढंच पाहायचं होतं,
पहिली प्रत पोचते त्या टेबलामागे बसून,
की पाकीट कोण फोडतं, की कुणी फोडतच नाही.
मग हळूहळू
टेबलच आवडायला लागलं.

घरी सांगितलं.
सोमकुवर कळमन्यात कांद्याचा काटा बघतात,
बोलतातही तोलून.
"नगरसेवकापासून सुरू कर ना," म्हणे.
"एक-एक पायरी."
"पायऱ्या माह्या मायनं झाडल्या," मी म्हटलं,
"त्याच ऑफिसच्या, अठरा वर्षं.
मले वरूनच सुरू करू द्या."
शेजारची कुंदा म्हणाली, डिपॉझिट जाईन बाई.
जाईन तर जाईन. पाच हजाराचा कूलर घेतला
अन् पहिल्याच उन्हाळ्यात जळला, असं समजीन.

अपक्षाला दहा सूचक लागतात.
नऊ इंदोऱ्यातच मिळाले,
तिघं हसत, एक म्हातारी उगाच रडत,
एकानं विचारलं, जेवण कधी आहे?
दहावा शेवटच्या दिवशी, पावणेतीनला,
घामेघूम, सायकल फाटकाला टेकवून,
काटा कुणाच्या तरी भरवशावर सोडून.
बोलले काही नाहीत.
सही केली
आणि सहीखाली एक रेघ जास्तीची ओढली.

आत साहेबांनी शपथेचा कागद पुढे केला.
ईश्वरसाक्ष / गांभीर्यपूर्वक.
नको ते खोडा.
मी ईश्वर खोडला, एका रेघेत, घरच्या सवयीनं.
माय असती तर म्हणाली असती, नीट खोड, दिसून राहिलं.
कागदाकडे मग लक्ष गेलं.
माझ्याच मशीनचा.
कधी टाइप केला होता कोण जाणे,
झेरॉक्सवर झेरॉक्स होऊन
परत माझ्याच हातात.

मी, विशाखा धनराज सोमकुवर,
भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा
बा
इथे माझीच बॉलपेनची खूण, किंचित तिरपी,
आणि पुढे गीन.
मी मोठ्यांदा वाचलं. बाळगीन.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तो ळ मी बोलले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
पुढचे कोण आहेत, म्हणाले.